ब्राउझर कोणता ठेवावा? नवीन कॉम्प्युटर घेणाऱ्यांसाठी आणि ऑनलाइन केंद्र टाकणाऱ्यांसाठी

लॅपटॉप घेतला किंवा गावात ऑनलाइनचं दुकान टाकलं की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न येतो. बहुतेक जण एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतात: क्रोम. उत्तर चूक नाही, अर्धवट आहे. महाडीबीटीचे फॉर्म, सातबारा, डिजिटल सहीचा डोंगल, अंगठ्याचं मशीन, बँक आणि घरच्या पोरांचं यूट्यूब, हे सगळं एकाच ब्राउझरवर टाकलं की कधी ना कधी काम अडतं, आणि अडतं ते नेमकं शेवटच्या तारखेला. म्हणून मुख्य सल्ला आधीच देऊन ठेवतो: ब्राउझर दोन ठेवा, आणि दोघांचं इंजिन, म्हणजे पान वाचून दाखवणारा आतला भाग, वेगळं असू द्या. कोणते दोन, हे मशीन आणि काम बघून ठरवायचं.

आधी ब्राउझरच्या लोकप्रियतेची काय भानगड आहे ते बघू, कारण सरकारी पोर्टलच्या निम्म्या अडचणी तिच्यातूनच आल्या आहेत.

1994 मध्ये नेटस्केप आला आणि पुढची दोन-तीन वर्षं त्याचंच राज्य होतं. 1995 मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर काढला आणि पुढे तो विंडोजसोबतच देऊन टाकला. वेगळा ब्राउझर शोधायची गरजच उरली नाही. 2003 च्या सुमारास दहातले नऊहून जास्त लोक एक्सप्लोररवर होते. स्पर्धक संपल्यावर मायक्रोसॉफ्टही निवांत झालं: सहावी आवृत्ती 2001 ची, सातवी यायला 2006 उजाडलं. त्या मधल्या काळात 2004 ला फायरफॉक्स आला आणि लोक तिकडे वळू लागले. सप्टेंबर 2008 ला क्रोम आला. मे 2012 मध्ये, ब्राउझरचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या जागतिक आकड्यांत क्रोमने एक्सप्लोररला मागे टाकलं, आणि 15 जून 2022 ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररला निरोपच दिला.

आपल्याकडच्या मोबाईलवर वेगळीच कथा घडली. 2016 च्या आसपास भारतातल्या मोबाईलवर यूसी ब्राउझर क्रोमच्याही पुढे होता. फोन कमी रॅमचे, नेट टूजीचं आणि डेटा महाग. पान दाबून लहान करून देणारा ब्राउझर लोकांना हवाच होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला, नवे अँड्रॉइड फोन क्रोम आत घेऊनच येत होते. यूसीची गरज कमी होत गेली. 29 जून 2020 ला केंद्र सरकारने 59 चिनी अॅपवर बंदी घातली, त्या यादीत यूसीही होता. कुणी आजही त्याची एपीके फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवत असेल तर टाकू नका.

आज जगभरात साधारण दोन तृतीयांश वापर क्रोमचा आहे आणि भारतात त्याहून बराच जास्त. एक लक्षात ठेवा, स्टॅटकाउंटर माणसं मोजत नाही, उघडलेली पानं मोजतो. दिवसभर दोनशे पानं उघडणारा केंद्रचालक तिथे दोनशे वेळा धरला जातो.

तुमच्या दृष्टीने या आकड्यांचा उपयोग एवढाच की पोर्टल बनवणारा माणूस ज्या ब्राउझरला गिऱ्हाईक जास्त, त्याच्यावरच तपासणी करतो. एक्सप्लोररच्या काळात बनलेल्या कार्यालयीन साइट एक्सप्लोररशिवाय हलत नव्हत्या. आजच्या साइट क्रोमवर तपासल्या जातात आणि बाकीच्यांवर चालल्या तर चालल्या. म्हणून कामासाठी क्रोमच्या जातीचा एक ब्राउझर लागतोच. ‘क्रोमच्या जातीचा’ असं मुद्दाम म्हटलं. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी यांची नावं वेगळी असली तरी आतलं इंजिन एकच, ब्लिंक. एजने जानेवारी 2020 पासून हेच इंजिन घेतलं. त्यामुळे क्रोम बिघडला म्हणून ब्रेव्ह टाकला तर पुष्कळदा तीच अडचण तिथेही भेटते. वेगळं इंजिन म्हणजे फायरफॉक्स, त्याचं गेको. सफारीचं वेबकिट तिसरं, पण ते अॅपलच्या मशीनवरच. आणि आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम टाका की फायरफॉक्स, आत वेबकिटच असतं.

पहिलं काम: मशीन ओळखा

विंडोजचं बटण धरून आर दाबा, चौकटीत विनव्हर असं इंग्रजीत (winver) टाइप करून एंटर करा. विंडोज कोणतं ते दिसेल. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. रॅम किती आहे आणि त्यातली किती भरली आहे, दोन्ही कळतं.

विंडोज 7 किंवा 8.1 असेल तर क्रोम 109 व्या आवृत्तीवर थांबला आहे. 2023 च्या फेब्रुवारीत आलेल्या 110 पासून त्याला विंडोज 10 लागतं. फायरफॉक्सने 115 ईएसआर या लांब मुदतीच्या आवृत्तीला त्यानंतरही बराच काळ सुरक्षा दुरुस्त्या दिल्या, म्हणून अशा मशीनवर तो त्यातल्या त्यात बरा. पण बँक आणि आधारची कामं विंडोज 7 वर करूच नका, ब्राउझर कोणताही असो. जालन्या-परभणीच्या बाजारात जुने ऑफिसचे लॅपटॉप मिळतात, ते घेताना आधी विनव्हर टाकून बघा आणि मग भाव करा. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. त्यावर ब्राउझर अजून अद्ययावत होतात, पण मशीन विंडोज 11 घेत असेल तर उगाच थांबू नका.

रॅम 4 जीबी असेल तर कोणत्याही ब्राउझरकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. ‘अमका ब्राउझर हलका’ ही चर्चा अशा मशीनवर फारशी खरी ठरत नाही, कारण रॅम खातात ती उघडी पानं. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग परफॉर्मन्स, मग मेमरी सेव्हर चालू करा. एजमध्ये अशीच सोय स्लीपिंग टॅब्स नावाने आहे. वापरात नसलेला टॅब झोपतो आणि परत त्यावर गेलात की पान पुन्हा लोड होऊ शकतं. इथेच लोक फसतात: अर्धा भरलेला फॉर्म टॅबमध्ये ठेवून पाऊण तास दुसरीकडे काम केलं की परत आल्यावर फॉर्म कोरा दिसू शकतो. ज्या पोर्टलवर मोठे फॉर्म भरता ते मेमरी सेव्हरच्याच पानावर ‘या साइट नेहमी चालू ठेवा’ या यादीत टाका. मशीनमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. ब्राउझर बदलून जो फरक पडतो त्यापेक्षा कितीतरी जास्त तिने पडतो.

दुसरं काम: उतरवून घेणं

नव्या विंडोजवर एज असतोच. त्यात ‘क्रोम डाउनलोड’ शोधलं की वरचे एक-दोन निकाल पुष्कळदा जाहिराती असतात, त्यावर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं. त्यांना हात लावू नका. पत्त्याच्या पट्टीत स्वतः टाइप करा: गूगल डॉट कॉम स्लॅश क्रोम, किंवा फायरफॉक्स डॉट कॉम.

क्रोमची जी फाइल उतरते ती अगदी लहान असते. ती चालवल्यावर खरा ब्राउझर नेटवरून खाली येतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, त्यातही तालुक्याच्या ठिकाणी संध्याकाळी नेट मंद असताना, हे मधेच तुटतं आणि ‘इन्स्टॉलेशन फेल्ड’ येतं. त्यावर उपाय म्हणजे ऑफलाइन इन्स्टॉलर: गूगलच्याच मदतीच्या पानावर पूर्ण फाइल मिळते, ती एकदा पेनड्राइव्हवर ठेवली की चार मशीनवर चालते. दुसऱ्या कुठल्या फुकट सॉफ्टवेअरच्या साइटवरून घेऊ नका. तिथे ब्राउझरसोबत टूलबार आणि भलतंच सर्च इंजिन येऊन बसतं, आणि ते काढण्यात अख्खी दुपार जाते.

तिसरं काम: पहिल्या दिवशीच्या सेटिंग्ज

केंद्राचं मशीन आणि घरचं मशीन यांच्या सेटिंग्ज उलट असतात. नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो, म्हणून जरा सविस्तर.

घरच्या मशीनवर ‘ऑन स्टार्टअप’मध्ये ‘कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ’ निवडा. लाइट गेली आणि यूपीएस नसला तरी पुन्हा चालू केल्यावर टॅब जागेवर असतात. पण ही निवड लॉगिनही जागं ठेवते. ब्राउझर बंद केला म्हणजे आपण बाहेर पडलो, असं समजू नका. केंद्रावर हे चालू ठेवलं तर सकाळच्या गिऱ्हाइकाचं खातं दुपारच्या गिऱ्हाइकासमोर उघडं पडेल. तिथे ‘ओपन द न्यू टॅब पेज’ ठेवा.

केंद्रावर पासवर्ड जतन करायची सोय आणि पत्ते-मोबाईल आपोआप भरायची सोय, दोन्ही बंद करा. सेटिंग्जमध्ये ‘ऑटोफिल अँड पासवर्ड्स’ इथे ती सापडते. पासवर्डचं धोक्याचं कारण उघड आहे. ऑटोफिलचं कमी लोकांच्या लक्षात येतं: आधीच्या गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर नव्या अर्जात गुपचूप भरला जातो, ओटीपी भलत्याच माणसाला जातो, आणि समोरचा शेतकरी ‘मला मेसेजच आला नाही’ म्हणत बसून राहतो.

आता इन्कॉग्निटो, म्हणजे इतिहास न ठेवणारी खिडकी. एकाच वेळी दोघांचे अर्ज भरायचे म्हणून दोन इन्कॉग्निटो खिडक्या उघडल्या तर त्या वेगळ्या राहत नाहीत. क्रोममध्ये सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्यांचं लॉगिन एकच असतं. पहिल्या खिडकीत लातूरच्या पोरीचं शिष्यवृत्तीचं खातं उघडं असताना दुसरीत उदगीरच्या पोराचं लॉगिन केलं की पहिली खिडकीही मागून त्याच्याच खात्यात जाते, वर नाव जुनंच दिसत राहतं, आणि तिथे चढवलेलं उत्पन्नाचं प्रमाणपत्र चुकीच्या माणसाच्या अर्जाला जोडलं जाऊ शकतं. दोघांचं काम खरोखरच सोबत करायचं असेल तर एक क्रोममध्ये आणि एक फायरफॉक्समध्ये. किंवा क्रोममध्ये वर उजवीकडे गोल चित्रावर टिचकी मारून वेगळं प्रोफाइल बनवा, प्रत्येक प्रोफाइलचं लॉगिन वेगळं असतं. एका वेळी एकच गिऱ्हाईक असेल तर गेस्ट खिडकी उत्तम. काम झालं की बंद करा, मागे काही राहत नाही. मात्र उतरवलेल्या फाइल राहतात. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये लोकांची आधारकार्डं साठत जातात, ती रोज दुकान बंद करताना उडवा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.

उरलेल्या तीन सेटिंग्ज दोन्हीकडे सारख्याच. ‘फाइल कुठे ठेवायची ते प्रत्येक वेळी विचारा’ हे चालू. नोटिफिकेशन पूर्ण बंद, कारण कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा कुठल्यातरी साइटला कधीतरी दिलेल्या परवानगीतून येतं. पॉप-अप सगळ्यांना बंद आणि फक्त कामाच्या पोर्टलला चालू: पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी, साइट सेटिंग्ज, पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स, अलाउ. पैसे भरल्यावर पावती दिसत नाही ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच सुटते. पैसे पुन्हा भरण्याआधी हे बघा.

डोंगल, अंगठा आणि जुन्या साइट

पूर्वी डिजिटल सही ब्राउझरच्या आत जावा प्लगइनमधून व्हायची. क्रोमने 2015 मध्ये असे प्लगइन काढून टाकले, फायरफॉक्सने 2017 मध्ये. आता सहीचं सॉफ्टवेअर मशीनवर वेगळं चालतं आणि ब्राउझर त्याच्याशी मशीनच्या आतल्या आत बोलतो. हे समजलं की बिघाड शोधणं सोपं जातं. जीएसटीच्या एमसाइनर या सहीच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. डोंगल लावला, त्याचा ड्रायव्हर आहे, तरी ‘फेल्ड टू एस्टॅब्लिश कनेक्शन’ येतं. क्रम असा ठेवा:

1. एमसाइनर ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने चालू करा.
2. त्याच ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीत एचटीटीपीएस लावून 127.0.0.1:1585 उघडा.
3. ब्राउझर ‘हे सुरक्षित नाही’ म्हणेल. अॅडव्हान्स्डवर जाऊन पुढे जा. हा पत्ता तुमच्याच मशीनचा आहे, म्हणून इथे चालतं. बाहेरच्या साइटवर अशी सूचना आली तर असं कधीच करू नका.
4. पोर्टलचं पान ताजं करून पुन्हा सही करा.

ही परवानगी ब्राउझरगणिक वेगळी असते. क्रोममध्ये दिली म्हणून फायरफॉक्समध्ये लागू होत नाही.

अंगठ्याच्या मशीनचंही असंच. त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे त्याला पोर्टलशी जोडणारं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर 11100 ते 11120 यांपैकी एका पोर्टवर बसलेली असते. कालपर्यंत अंगठा घेत होतं आणि आज पोर्टल म्हणतं ‘डिव्हाइस नॉट फाउंड’, तर आधी सर्व्हिस चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ब्राउझरची परवानगी बघा: क्रोमच्या नव्या आवृत्त्या साइटला स्थानिक नेटवर्ककडे जाऊ देण्याआधी विचारतात. घाईत त्या खिडकीवर ‘ब्लॉक’ दाबलं गेलं असेल तर साइट सेटिंग्जमधून परत ‘अलाउ’ करा.

एक्सप्लोररशिवाय न चालणारी एखादी जुनी साइट अजूनही भेटते. त्यासाठी एज. सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझर, तिथे ‘साइट इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये उघडू द्या’ याला अलाउ करा, एज बंद करून चालू करा, मग ती साइट उघडून तीन ठिपक्यांतून ‘रीलोड इन इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ निवडा. पुढच्या वेळीही असंच उघड म्हणून खूण केली की साइट यादीत जाते, पण त्या यादीतली नोंद 30 दिवसांनी संपते. महिनाभर व्यवस्थित चालून एक दिवस अचानक बंद पडतं त्याचं कारण हे. पुन्हा यादीत टाकायचं, बस.

सही असलेला सातबारा किंवा प्रमाणपत्र ब्राउझरमध्येच उघडलं तर सही खरी आहे की नाही हे क्रोम दाखवत नाही. त्याला अॅडोब रीडर लागतो. तिथे पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर सहीवर राइट क्लिक करून ती तपासून, विश्वासार्ह म्हणून नोंदवा.

दुसरा ब्राउझर म्हणून फायरफॉक्सच का?

इंजिन वेगळं हे पहिलं कारण. दुसरं जाहिरातींचं. क्रोमने एक्सटेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचे, नियम बदलले, त्यात जाहिराती अडवणारा यूब्लॉक ओरिजिन तिथून गेला. त्याचा लाइट अवतार क्रोमवर चालतो, पण पूर्ण यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सवर अजून आहे, अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरसुद्धा. मंद नेटवर जाहिराती उतरल्याच नाहीत की पान लवकर उघडतं, डेटाही वाचतो. ब्रेव्हमध्ये ही सोय आतच आहे, पण इंजिन क्रोमचंच. यूब्लॉकपलीकडे एक्सटेन्शनची भर घालू नका. ‘फुकट पीडीएफ कन्व्हर्टर’ जातीच्या एक्सटेन्शनला ‘सगळ्या साइटवरचा मजकूर वाचण्याची’ परवानगी लागते, आणि त्यात बँकेचं पानही येतं.

एआयवाले नवे ब्राउझर आले आहेत, उघड्या पानांवरचं वाचून स्वतः बटणं दाबणारे. लोकांची कागदपत्रं उघडी असतात त्या मशीनवर त्यांना सध्या जागा नाही.

मोबाईलवर फारसं डोकं लावू नका. क्रोम आहे तो राहू द्या, वाचनाला फायरफॉक्स टाका. ऑपेरा मिनीचा एक्स्ट्रीम मोड पान ऑपेराच्या सर्व्हरवर दाबून मग पाठवतो, त्यामुळे डेटा वाचतो, पण बँकेसाठी तो मोड नको. फेसबुक किंवा इन्स्टाग्राममधली लिंक त्या अॅपच्याच आतल्या खिडकीत उघडते, आणि ओटीपी बघायला बाहेर गेलात की भरलेला फॉर्म जाऊ शकतो. तीन ठिपक्यांतून ‘बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा’ करूनच भरायला घ्या.

साइट उघडत नाही तेव्हा

‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ हा संदेश प्रत्येक साइटवर येत असेल तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की प्रत्येक वेळी बंद केल्यावर तारीख मागे जाते, आणि ब्राउझरला सगळी प्रमाणपत्रं चुकीची वाटू लागतात. डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर 2032 हा सेल असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

पान अर्धवट किंवा जुनंच दिसत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर. तरीही तेच असेल तर त्या एकाच साइटचा मशीनवरचा साठा (कॅश) पुसा, सगळ्या इतिहासाला हात लावू नका. त्यानंतर दुसरा ब्राउझर. दुसऱ्यावर उघडली तर दोष पहिल्याच्या एक्सटेन्शनमध्ये किंवा साठ्यात. दोन्हीवर नाही उघडली तर मोबाईलचं नेट लावून बघा. त्यावरही नाही, तर सर्व्हर बसलाय. जुलैत पीक विम्याच्या दिवसांत हे नित्याचं आहे. तेव्हा ब्राउझर काढून पुन्हा टाकत बसण्यापेक्षा गिऱ्हाइकाची कागदपत्रं स्कॅन करून, साइटला लागेल त्या केबीत बसवून तयार ठेवा आणि पहाटे किंवा रात्री उशिरा भरायला घ्या.